पोटाला शिवलेला हात

आमच्या घरात एक नियम होता. बाप जिता असेपर्यंत पोरानं मिशीला वस्तरा लावायचा नाही. मी कॉलेजात असताना तो एकदा मोडला. जुन्नरला खोली करून राहत होतो, वर्गातली निम्मी पोरं गुळगुळीत तोंडानं फिरायची, म्हणून मीही मिशी उडवली आणि शनिवारी घरी आलो. आबा गोठ्यात शेण ओढत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, कुणी नाही, फॅशन आहे. त्यावर मिशी पुन्हा उगवेपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत. ताटात भाकरी टाकायची तीसुद्धा तोंड फिरवून. आई आम्हा भावांना मिशी फुटायच्या कितीतरी आधी गेलेली, त्यामुळं मध्ये पडून समजूत घालणारं घरात कुणी नव्हतं.

आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. आबांच्या तरुणपणी कळप मोडला आणि आम्ही पिंपळवंडीच्या अलीकडं शेतीला चिकटलो. मेंढरं गेली तरी आबांच्या डोक्यावरचा लाल पटका गेला नाही. शेतीत त्यांचा खरा जीव कांद्यात नव्हता आणि टोमॅटोत तर नव्हताच. तो होता आंब्यांच्या कलमांत. बांधावरचा एकेक आंबा त्यांनी स्वतःच्या हातानं कलम बांधून वाढवलेला. धाकटा भाऊ शेती बघायचा. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. घरातला शिकलेला मी, त्यामुळं गोठ्यातलं काम मला नीट जमत नाही, असं सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं. माझंही ठरलेलं होतं.

त्या एप्रिलमध्ये सकाळची शाळा होती. भाऊ टोमॅटो घेऊन पहाटेच नारायणगावच्या मार्केटला गेला होता आणि म्हशींपुढं काहीतरी टाकायला हवं होतं. शाळेचा फुलशर्ट घालूनच मी चारा बारीक करायचं कुट्टी मशीन सुरू केलं. हिरवा मका होता. ताटांबरोबर शर्टाची बाही आत गेली आणि बाहीबरोबर उजवा हात. त्या क्षणाचं मला विशेष काही आठवत नाही. आवाज बदलला एवढं आठवतं. आबा धावत आले आणि बटन शोधत बसण्याऐवजी त्यांनी भिंतीतून वायरच उपटली. मग डोक्यावरचा पटका सोडून माझ्या हाताभोवती गुंडाळत गेले. तो लाल होता, त्यामुळं रक्त किती गेलं ते कुणाला कळलं नाही. ते बरंच झालं.

नारायणगावच्या डॉक्टरांनी पटका सोडून हात बघितला. दोन बोटं गेली होती, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. अंगठा शाबूत होता, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोटही होतं. पण पंजाच्या पाठीवरची, अंगठ्याशेजारी तर पार तळव्यापर्यंतची कातडी हातमोजा ओढून काढावा तशी सोलून निघाली होती आणि आत हाडं दिसत होती. डॉक्टर म्हणाले, मनगटातून काढून टाकलं तर इथंच होईल, महिनाभरात मोकळे व्हाल. वाचवायचा असेल तर आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या; वाचेलच असं मी सांगत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी विज्ञानाचा मास्तर, मी आबांकडं बघितलं.

"पुन्याला," आबा म्हणाले.

अँब्युलन्समध्ये बायको माझ्याबरोबर बसली. आबा मागच्या दाराशी उभे होते. डोकं बोडकं. भर रस्त्यात त्यांना तसं मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो आणि त्या अवस्थेतही मला त्याची लाज वाटली. दार लावायच्या आधी ते आत वाकले.

"हात घिऊन ये माघारी," म्हणाले, "बाकीचं मी बघतो."

पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हात साफ करून हाडांना तारा घातल्या. मग त्यांनी मला पुढचं समजावून सांगितलं. उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी चिकटवून चालत नाही. तिला खालून रक्त मिळत नाही, ती मरते. म्हणून जांघेच्या वरची कातडी, आतल्या चरबीसकट, एका पट्टीसारखी उचलायची. पण पूर्ण कापायची नाही. एक टोक पोटालाच ठेवायचं आणि दुसरं टोक हातावर शिवायचं. तीन आठवडे हात पोटाशी राहील. पोटाचं रक्त त्या पट्टीतून येत राहील, तोवर हात आपलं रक्त द्यायला शिकेल. मग मधून कापायचं. तीन आठवडे हात ओढायचा नाही, वळायचं नाही, झटका बसू द्यायचा नाही. सुटला तर सगळं गेलं. मी वर्षानुवर्षं दहावीला रक्ताभिसरण शिकवलंय, फळ्यावर लाल-निळ्या खडूनं हृदय काढलंय, पण आपलाच हात आपल्याच पोटाला शिवतात हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

ऑपरेशनच्या आधी वॉर्डातला न्हावी पोट-मांड्यांवरचे केस काढायला आला. काम झाल्यावर सवयीनं त्याचा वस्तरा माझ्या तोंडाकडं वळला. मी ओरडलोच त्याच्यावर. मिशीला हात लावायचा नाही म्हटलं, माझे वडील आहेत अजून. तो हसला आणि सामान आवरून गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा हात पोटाशी होता. दुसऱ्याच कुणाचा तरी हात माझ्या अंगावर विसरून राहिलाय असं वाटत होतं. खोकताना बायको दोन्ही हातांनी तो धरून ठेवायची. रात्री कुशीवर वळू नये म्हणून बाजूला उशा लावायची. चिडचिड इतकी व्हायची की मी तिला उशांवरून बोलायचो, पाण्यावरून बोलायचो, पंख्यावरून बोलायचो. पंखा तर सरकारनंसुद्धा तिच्या ताब्यात दिलेला नव्हता.

आबा एसटीनं आले. नवा पटका बांधून, पिशवीत बांधावरच्या कैऱ्या घेऊन. पेशंटला आंबट चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांनी आणल्याच असत्या. त्यांनी माझ्या अंगावरची चादर उचलली आणि वाकून बघत राहिले. नर्स काहीतरी म्हणाली. त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, आता यांना भोवळ येणार.

"भेटकलम हाय की रं हे," ते म्हणाले.

मग बायकोला बसवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीशी न्यायचं. दोघांची साल थोडी थोडी तासायची, तासलेल्या जागा एकमेकीला लावायच्या आणि सुतळीनं बांधून टाकायच्या. फांदी झाडावरच असते, झाड तिला पोसत राहतं. सांधा धरला की मग कापायचं. सांगताना चेहरा असा खुलला होता की दवाखान्यात आलोय हे ते बहुतेक विसरले होते. ऑपरेशननं वाटलं नसेल तेवढं मला त्या दिवशी बरं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं मला कळलं होतं. आबांनी सांगितलेलं पटलं.

निघताना ते उशाशी आले. "आजिबात हलू नको. वाऱ्यानं हललं तरी कलम जातंय." मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "मिशी राखली का. बरं केलं." जनावरांचं बघायचं म्हणून संध्याकाळच्या एसटीनं परत गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा वारले. दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले, भाऊ चहाला उठवायला गेला तर उठले नाहीत. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. भावानं, भावकीतल्या जुन्या माणसांनी आणि माझ्या बायकोनं मिळून ठरवलं, की हात सुटा होईपर्यंत सांगायचं नाही. सांगितलं तर हा उठणार. थोरला पोरगा, अग्नी द्यायला उठणारच. आणि हात जाणार. म्हणून धाकट्यानं अग्नी दिला. बायको मला म्हणाली, माझी आई पाय घसरून पडलीय, एक दिवस जाऊन येते. तिचा भाऊ माझ्यापाशी बसला आणि तिकडं तिनं सासऱ्याचं मयत बघितलं. परत आली ती डोळे सुजवून. मी तिला म्हणालो, पाय मुरगळल्यावर एवढं रडतात का, इथं माझा पंजा सोललाय. ती उठून थर्मासमधलं पाणी बदलायला गेली.

कळायला हवं होतं मला. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला घरी सोडलं, त्याच्या बायकोनं वॉर्डभर पेढे वाटले. माझ्या बायकोनं तिचा पेढा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, दात दुखतोय. केसांना तेल लावलेलं दिसेना. सुतकात गोड खात नाहीत, तेल लावत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण माणूस आजारी पडला की त्याला स्वतःपलीकडचं काही दिसत नाही.

रोज संध्याकाळी मी म्हणायचो, आबांना फोन दे म्हणावं. भाऊ तिकडून सांगायचा, रानात गेलेत, आत्ताच झोपलेत, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. ते खोटंही वाटत नव्हतं. फोन कानाला लावताना आबा तो उलटा धरायचे. पण मग मला राग यायला लागला. पोराचा हात पोटाला शिवलाय आणि म्हाताऱ्याला दोन मिनिटं बोलायला होत नाही? पुण्याला एकदा येऊन गेले की संपलं? एकदा तर मी बायकोला म्हणालो, त्यांना सांग, आंब्याच्या झाडाकडं माझ्यापेक्षा जास्त बघितलं त्यांनी जन्मभर. मग मी विचारायचंच बंद केलं. रुसून बसलो. गेलेल्या माणसावर मी असा रुसून बसलो होतो आणि माझी बायको ते ऐकून घेत होती, माझं अंग पुसत होती. ते दिवस तिनं कसे काढले हे मी अजून तिला विचारलेलं नाही. धीर होत नाही.

मग एका दुपारी भाऊ आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडाला मास्क. हा माझा भाऊ लग्नातसुद्धा फेटा सारखा काढून केसांवरून कंगवा फिरवणारा. मी म्हणालो, काय राव, इलेक्शनला उभा राहतोय का? लई ऊन हाय, म्हणाला. आणि मास्क? दवाखाना हाय ना भाऊ. त्यात चूक काहीच नव्हतं, निम्मा वॉर्ड मास्क लावून फिरत होता. तो कॉटच्या कडेला टेकला. कांदा कसा निघाला, म्हैस व्याली, शाळेतल्या कुणीकुणी माझी चौकशी केली, सगळं सांगत होता. आबांचं नाव तेवढं त्याच्या बोलण्यात येत नव्हतं आणि मीही हट्टानं काढत नव्हतो.

इतके दिवस बायकोनं जिवापाड जपलेली गोष्ट तिनंच मोडली, आणि मोडली ती चहा देऊन. आमच्याकडं सरणावरून उठून कुणी आलं तरी त्याला आधी चहा विचारतील. दीर उन्हातून आलाय, त्याला चहा नको का द्यायला? तिनं थर्मासमधून कप भरून त्याच्या हातात दिला. तिच्या ध्यानात आलं नाही आणि त्याच्याही आलं नाही. त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला आणि चहावर फुंकर घातली.

ओठाच्या वर पांढरी पट्टी होती. बाकीचा चेहरा उन्हानं रापलेला आणि तेवढीच जागा कोवळी, लहान पोराच्या कातडीसारखी.

मी बघत राहिलो. बायकोचा हात तिच्या तोंडावर गेला. मला सगळं कळलं होतं, तरी मी विचारलं. कॉलेजातून आलो तेव्हा आबांनी मला विचारलं होतं तेच.

"कोण गेलं?"

भावानं कप खाली ठेवला. टोपी काढली. डोकं तुळतुळीत होतं.

मला उठायचं होतं. कुठं जायचं होतं ते माहीत नाही. जाऊन करणार काय होतो, सगळं तर उरकलं होतं. पण अंगानं उठायला घेतलं. टाक्यांवर ओढ बसली, पोटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. भावानं माझं कोपर दाबून धरलं आणि बायको माझ्या हातावर जवळजवळ आडवीच झाली.

"आबा काय म्हणले व्हते?" ती म्हणाली. "हलू नका. त्यांनी सांगितलंय, हलू नका."

माणूस पोटानं रडतो, हे मला त्या दिवशी कळलं. डोळे नुसते वाहतात. हुंदका येतो तो पोटातून. आणि माझा हात पोटाला शिवलेला होता. हुंदका दिला की पोट हलणार, पोट हललं की कलम जाणार. मी तोंड उघडं ठेवून, श्वास तोडून तोडून घेत, वर पंख्याकडं बघत पडलो. पाणी कानात जात होतं. बायको ते पदरानं टिपत होती. बापासाठी एकदा मोठ्यानं ओरडून रडावं एवढंसुद्धा माझ्या नशिबात नव्हतं, आणि त्याला कारण बापानंच वाचवायला सांगितलेला हात.

संध्याकाळी भावानं मला सगळं सांगितलं. दहाव्याला कुकडी नदीच्या काठावर माणूस मावत नव्हता. कीर्तनकार महाराजांचं प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. आमच्या भागात त्याशिवाय मेलेल्याला सुटका नाही. एका पुढाऱ्यानं आबांना ओळखत नसताना त्यांच्यावर बोलता बोलता कालव्याच्या पाण्यावर घसरून बराच वेळ घेतला. सगळं झालं, पण कावळा पिंडाला शिवेना. समोर बाभळीवर बसलेले, खाली येईनात. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा जीव थोरल्याच्या हातात अडकलाय. शेवटी धाकटा पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "आबा, भाऊ हात घिऊन येनार हाय." तेव्हा एक कावळा आला.

मी विज्ञान शिकवतो. गर्दी पांगल्यावर कावळा येणारच. पण भावानं हे सांगितलं तेव्हा मी पुन्हा पंख्याकडं तोंड केलं आणि पुन्हा श्वास तोडून घ्यायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच न्हाव्याला बोलावलं. डोकं करायला सांगितलं, आणि मिशी. त्याला माझं आधीचं ओरडणं लक्षात असावं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, भावाच्या डोक्याकडं बघितलं आणि काही न विचारता पाणी लावलं. वस्तरा फिरत होता तेवढा वेळ भाऊ माझं कोपर धरून उभा होता.

हात वाचला. तीन आठवड्यांनी पट्टी मधून कापली आणि तो माझ्या पोटापासून सुटा झाला. कलम धरलं होतं. डॉक्टर खूश होते, इतर डॉक्टरांना बोलावून दाखवत होते. मी विचारलं, स्पर्श कळेल का? म्हणाले, कातडी पोटाची आहे, तिच्या नसा तिकडंच राहिल्या. वर्ष-दोन वर्षांत थोडंफार येईल, कदाचित येणारही नाही.

घरी आलो तेव्हा ओसरीवर आबांची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती. हात घेऊन ये म्हणाले होते. घेऊन आलो होतो. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मी गळ्यातल्या झोळीत तो हात घेऊन उभा राहिलो. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. ज्याला दाखवायचा होता तो सोडून सगळ्यांनी बघितला.

शाळा सुरू झाल्यावर अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांत खडू धरायला शिकलो. अक्षर पूर्वी बरं होतं, आता पोरं वाचतात म्हणून वाचायचं. हाताची पाठ पावासारखी फुगलेली असते; पोटाचीच चरबी ती, मी जाड झालो की तीही वाढते. तिच्यावर पोटावरचे केस येतात. एकदा चहाचं गरम पातेलं त्या जागेला टेकलं होतं, ते मला फोड आल्यावर कळलं. पोरांनी पहिले काही दिवस चोरून बघितलं, मग त्यांना कंटाळा आला. मिशी उगवली. ती आता ठेवली काय आणि काढली काय, विचारणारं कुणी नाही, म्हणून ठेवलीय.

वर्षश्राद्ध ओझरच्या घाटावर केलं. आबांचं माझ्या हातून झालेलं ते पहिलंच कार्य. गुरुजींनी माझ्या उजव्या हातावर काळे तीळ ठेवले आणि सांगितलं, पितरांचं पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडायचं. सांगून झाल्यावर त्यांचं लक्ष गेलं, की तर्जनी नाही. अंगठ्याशेजारी, तीळ ठेवले होते तिथं, नुसती ती पोटाची कातडी. ते थोडे घुटमळले. म्हणाले, धाकट्यांनी सोडलं तरी चालेल, शास्त्रात तशी सोय आहे. मी म्हणालो, नको. सगळं त्यानंच केलंय. एवढं मी करतो.

भाऊ तांब्यातून त्या कातडीवर पाणी घालत होता. आबांचं नाव घेताना मी डोळे मिटले आणि हात कलता केला. गुरुजी मंत्र म्हणत होते. मी थांबून राहिलो. काहीच होईना.

"घाल की पाणी," मी म्हणालो.

"भाऊ," धाकटा म्हणाला, "कवाच गेलं."

मी डोळे उघडले. हातावर एकही तीळ राहिला नव्हता.